पन्नासच्या आत

तामलवाडीच्या सडकेला सोयाबीन वाळायला पडलं की मी अजून सावध होते. कडेची अर्धी सडक ताडपत्र्यांनी झाकलेली असते, ट्रकवाले शिव्या देत बाजूनं जातात, आणि एखादी म्हातारी पदर कमरेला खोचून त्या दाण्यांत पायानं रेघा ओढत चाललेली असते. वरचं खाली, खालचं वर. मळणी यंत्राचा धुरळा घशात बसतो. त्याला एक कडवट, हिरवट वास असतो. दुसऱ्या कुणाला तो सुगीचा वास वाटत असेल. मला तो संशयाचा वाटतो.

"बरं हाय का?" कुणीतरी जाता जाता विचारतं. मी लगेच उत्तर देत नाही. आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघते. हा खरंच विचारतोय का? विचारून काय करणार आहे? ऐकलेलं कुठं जाऊन सांगणार आहे? मग मी "बरं आहे" म्हणते आणि तो पुढं जातो. त्याला ते खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक.

मी इथली नाही. माझं गाव खाली, समुद्राकडे. सातवीनंतर शाळा सुटली आणि काजूच्या कारखान्यात बसले. काजूच्या तेलानं बोटं काळी पडायची, ती लपवत लग्न झालं. ह्यांना महामार्गाच्या कामावर डंपर चालवायचं काम लागलं आणि त्या डंपरच्या मागं मागं आम्ही या उघड्या मुलखात आलो. आमच्याकडे आभाळ माडांच्या फटीतून बघायचं असतं. इथं आल्यावर पहिले काही दिवस मला वाटायचं, कुणीतरी छप्पर काढून नेलंय आणि वरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

अशात मला काम मिळालं. एक डॉक्टर मॅडम होत्या, महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून इथल्या दवाखान्यात येणाऱ्या. त्यांनी आसपासच्या गावांतल्या संधिवाताच्या पेशंटांसाठी नवं काम सुरू केलं होतं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, महिन्याला रक्ताची तपासणी, बोटांचे व्यायाम, सगळं घरपोच. आणि दर महिन्याला प्रत्येकाच्या घरी जाऊन एक कागद भरायचा. तुम्हाला कसं वाटतं, हे पेशंटलाच विचारायचं. गेल्या महिन्यात काय म्हणाला, या महिन्यात काय म्हणतो, यातून गोळ्यांचा गुण कळणार होता.

मी घाबरत घाबरत सांगितलं होतं, मॅडम, माझं शिक्षण सातवी. वाचायलाही मला वेळ लागतो.

त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला घेते. शिकलेल्या मुली प्रश्न समजावून सांगतात आणि समजावता समजावता उत्तरही सांगून टाकतात. तुम्ही कागदावर आहे तेवढंच वाचाल."

तेव्हा मला रडू आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं कमी शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. तो उपकार मी विसरलेली नाही. पण खोलीवर आल्यावर मनात आलंच: हे कौतुक होतं की दुसरं काही?

नियम एकच होता. पेशंटच्या तोंडातून येईल ते लिहायचं, आपल्या डोळ्यांना दिसेल ते नाही.

कागदावरचे प्रश्न कुठल्यातरी मोठ्या शहरात बसून कुणीतरी लिहिले असावेत. "नळ उघडता आणि बंद करता येतो का?" मी एकेक अक्षर लावत वाचायचे. समोरची बाई म्हणायची, "आठ दिसाला एकदा पानी येतंय. नळ उघडाच असतोय बाई, बंद कशाला करायचा?" आता याला खूण कुठं करायची? "मोटारीत चढता-उतरता येतं का?" तर, "कोन बशिवतंय आमाला मोटारीत? तू आनलीस का?" बायका हसायच्या, मीही हसायचे आणि हसता हसता घाम पुसायचे, कारण चौकट रिकामी राहिलेली असायची.

पण सगळ्यात जास्त घाम मला एका शब्दानं फोडला. कागदावर पाच चौकटी होत्या: उत्तम, चांगले, बरे, वाईट, फार वाईट. कुणालाही विचारा, उत्तर यायचं, "बरं हाय." मी मधल्या चौकटीत खूण करायचे. दोन महिने असं केलं आणि मग माझ्या कानांना शंका यायला लागली. एकजण "बरं हाय" म्हणताना मान खाली घालायचा. एकजण उंबऱ्यावर टेकत, दम घेत म्हणायचा. एक बाई असं म्हणायची की पुढचं काही विचारूच नये. आजार पुरता गेला तरी माणूस "बरा" झाला म्हणतात, आणि कसंबसं चाललंय तरी "बरं" चाललंय म्हणतात. एवढा मोठा पल्ला एका शब्दात, आणि माझ्याकडे त्याच्यासाठी एकच चौकट.

"उत्तम" कुणी म्हणायचंच नाही. दृष्ट लागते. "वाईट"ही म्हणायचं नाही. घरात बसून वंगाळ बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. मग उरतं काय? बरं.

आईचा फोन आला की तीही तेच म्हणायची. "बरी आसय गो. तू कशी?" पूर्वी मी ते ऐकून निवांत व्हायचे. त्या सुगीत मी फोन कानाला लावून तिच्या श्वासाचा आवाज ऐकायला लागले. दम लागलाय का? खाटेवरून बोलते की पडवीतून? आणि माझं "बरी आहे" ऐकून ती तिकडे काय काय शोधत असेल, हेही कळायला लागलं.

कागदाच्या शेवटी एक शिडी काढलेली होती. तळाला शून्य, टोकाला शंभर. "आज तुमची तब्येत या शिडीवर कुठे आहे?" निदान आकडा तरी खोटं बोलणार नाही, असं मला वाटायचं.

या सगळ्यात मला धीर द्यायचं एकच घर होतं. मन्मथअप्पा आणि महानंदाअक्का. अप्पा सत्तरीचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची चौकट, आणि जिभेला कुलूप नाही. घरात कानडी, दारात मराठी. पेशंट अक्का होत्या. श्रावणात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांची बोटं मुळ्याच्या शेंगांसारखी सुजून वाकली होती. पाण्याचा पेला दोन्ही मनगटांत धरून तोंडाला लावायच्या आणि अर्धं पाणी पदरावर सांडायचं.

"ये कोकणीबाई," अप्पा ओसरीवरून ओरडायचे. "आज हात धून आलीस न्हवं? मासळीचा वास आला तर आमचा म्हादेव उठून जाईल."

"तुमच्या मुलखात मासळी मिळते कुठं अप्पा?"

"मिळत न्हाय म्हनून इथं ऱ्हायलाय त्यो!"

मी हसायचे. अक्का आतून सुनेला सांगायच्या, तिला भाकरी दे, लांबून आली हाय. परक्या मुलखात कुणी नाव न विचारता ताट वाढतं, तेव्हा काय वाटतं ते लिहून दाखवता येणार नाही. पण कागद काढला की प्रश्न मी अक्कांना विचारायचे आणि उत्तर अप्पा द्यायचे.

"शिडीवर कुठं, अक्का?"

"अठ्ठेचाळीस लिव," अप्पा म्हणायचे.

अक्का भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. मी त्यांच्याकडे बघायचे. त्या मान हलवायच्या. आता ती मान माझ्या प्रश्नाला हलली की नवऱ्याच्या उत्तराला, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. अठ्ठेचाळीस लिहिलं. पुढच्या महिन्यात अठ्ठेचाळीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

दिवाळीनंतर मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर माझे सगळे कागद पसरलेले होते. त्यांनी एक बोट आकड्यांवरून फिरवत नेलं. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. पाच गावं, सगळी घरं, आणि एकही आकडा पन्नासला शिवलेला नव्हता.

"हे तुम्ही घरोघर जाऊन, विचारून भरलेत ना?"

आवाज मऊ होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी "हो मॅडम" म्हणाले. शपथ घेतली नाही. कारखान्यात मी पाहिलं होतं, जी बाई आईची शपथ घ्यायची काजू चोरलेत का म्हणून तिचाच डबा मुकादम आधी उघडून बघायचा.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "येळवशीचा सण झाला की मला ठरवावं लागेल. गोळ्या घेऊनही यांना काहीच फरक वाटत नसेल, तर हे काम बंद करावं लागेल. आणि कागदच खरे नसतील..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी मात्र ते वाक्य खोलीवर येईपर्यंत शंभर तऱ्हांनी पुरं केलं. सातवी शिकलेली बाई. झाडाखाली बसून आकडे टाकले असतील. कोण म्हणेल, नाही टाकले?

दुसऱ्या दिवशी मी थेट अप्पांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही.

अप्पा आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग गुडघ्यावर थाप मारून हसले. "मंग! पन्नासच्या वर कोन जाईल, येडी का खुळी? पैसेवारी माईत न्हाय व्हय तुला?"

मला माहीत नव्हती. आमच्याकडे पाऊस पडतो की नाही, असा प्रश्न कधी नसतो.

मग अप्पांनी मला शिकवलं. पीक कसं आलं ते शंभरात मोजतात. शेतात दोरी टाकून चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं. त्यावरून अख्ख्या गावाचा आकडा. पन्नासच्या आत आला तर दुष्काळ. पोरांची परीक्षेची फी माफ, वसुली थांबली, सवलती आल्या. पन्नासच्या वर एक जरी गेला तर गाव सुखी म्हणून कागद पुढं. अप्पा कितीतरी वर्षं गावाच्या त्या कमिटीत होते.

"चौकोन कुटं आखायचा, तितंच समदा खेळ असतोय," ते म्हणाले. "बांधाच्या कडंला आखला तर गाव उपाशी. मधी आखला तर गाव सावकार. शेत त्येच. आन् तुजी ती शिडी बगितली शून्य ते शंभर, तवाच म्या वळकलं. ही मानसाची पैसेवारी हाय. पन्नासच्या वर गेलं की गोळ्या बंद. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून म्याच समद्यास्नी सांगून ठिवलंय, पन्नासच्या आत ऱ्हावा."

मी डोक्याला हात लावला. "अप्पा, इथं उलटं आहे! आकडा वर गेला नाही तर गोळ्या बंद."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी डोळे बारीक केले. "असं? आन् हे तुला कुनी सांगितलं? त्या बाईनंच न्हवं?"

"मॅडमनीच."

"मंग झालं तर. आकडा वर घ्यायला लावायची ही जुनी तऱ्हा हाय पोरी. एकदा वर गेला की खाली येत न्हाय."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. ज्या माणसानं उभा जन्म आकड्याच्या मागचा हात शोधला, त्याला रिकामा आकडा कसा दिसणार? परत येताना मी तुरीच्या पिवळ्या फुलांमधून चालत होते आणि मला अप्पांचा तो चौकोन सुटत नव्हता. मीही दर महिन्याला माणसाच्या जगण्यावर दोरी टाकून एक चौकोनच आखत होते. सकाळी गेले तर बोटं आखडलेली, दुपारी गेले तर मोकळी. सून घरात असली तर एक उत्तर, शेतात असली तर दुसरं. माणूस तोच. दोरी कुठं पडली, एवढाच फरक.

आणि "फरक" हा शब्द तरी कुठं सरळ आहे? कागदावर फरक म्हणजे चांगलाही असतो, वाईटही. इथं "फरक हाय" म्हणजे गुण आला, एवढंच. मी विचारायचे, मागच्या महिन्यापेक्षा काही फरक? ते म्हणायचे, न्हाय. त्यांना म्हणायचं असायचं, अजून पुरतं बरं वाटत नाही. कागदाला वाटायचं, सगळं होतं तसंच आहे. मधे मी उभी. पेन माझ्या हातात, आणि चोर ठरणार तीही मीच.

येळवशीला अप्पांनी आम्हाला दोघांनाही शेतावर जेवायला बोलावलं. ह्यांना सुट्टी नव्हती, मी एकटीच गेले. इकडचा हा सण मला फार आवडतो. सगळं गाव कुलूप लावून शेतात जातं. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. शेतात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पांडवांचे दगड मांडतात, पूजा होते आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे मला आधी तळलेली भजी वाटली होती. ती निघाली सगळ्या भाज्यांची आणि ओल्या शेंगदाण्यांची घट्ट, पिवळी आमटी. बोटं पिवळी होईपर्यंत खाल्ली. आंबट आंबील प्यायले आणि डोळ्यांत पाणी आलं. घरी आई करते त्या सोलकढीचा आणि हिचा काही संबंध नाही, तरी आलं.

जेवणं झाली. आंबिलीचं मडकं घेऊन अप्पा आणि बाकीचे पुरुष शेताला फेरी मारायला निघाले, शिंपडत शिंपडत, मोठ्यानं कानडीत काहीतरी म्हणत. सून पोरांना घेऊन बोरीकडे गेली. कोपीपाशी मी आणि अक्का राहिलो.

"कागद आनलाय का?" अक्का म्हणाल्या.

"आज सण आहे अक्का."

"सन हाय ते मला दिसतंय. कागद आनलाय का ते इचारतेय."

"पिशवीत आहे."

"मंग काढ. ते फेरी मारून येस्तोवर हुतंय."

मी कागद काढला. नळ, मोटार, पेला. एकेक प्रश्नाचं उत्तर अक्कांनी स्वतः दिलं, न थांबता, जणू कित्येक महिने तोंडात धरून ठेवलं होतं. शिडीपाशी आल्यावर त्यांनी कागद जवळ ओढला.

"पंच्याहत्तर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग अप्पा अठ्ठेचाळीस का सांगतात?"

"ते त्येंच्या शेताचं सांगत्यात," अक्का म्हणाल्या. "मला कुटं इचारलं त्येंनी?"

"तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी लांब ज्वारीत दिसणाऱ्या अप्पांच्या फेट्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ह्या घरात आले तवा सोळा वर्सांची हुते. हात आखडले तवापासनं सून ताट वाडून देती. ह्येंनी पैल्यांदा घागर उचलली. चा बी करत्यात कदी कदी, साकर जास्त घालत्यात, पन करत्यात. आता बरी झाले म्हन्ले की उद्याच्याला समदं पुन्ना माज्याकडं. दुखनं गेलं तर जाऊ दे बाई, पन त्याच्यासंगट बसनं बी जातंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू कुनाला बोलू नगंस. कागदावर लिव. तोंडानं नगं."

मी हो म्हणाले. पंच्याहत्तर लिहिलं.

आणि घरी जाताना, जी संशयाची पीडा मला अजूनही सुटलेली नाही, तीच पुन्हा मागं लागली. अप्पांनी घरात सांगितलं असणार, कोकणीबाईचं काम जाणार म्हणून. मग हे पंच्याहत्तर अक्कांच्या हातांचे, की सणाच्या दिवशी पाहुणीला काहीतरी द्यावं म्हणून दिलेले? दयेचा आकडा आणि खरा आकडा कागदावर सारखाच दिसतो.

मॅडमनी तो कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाकी सगळे होते तिथेच आहेत. एकाच घरचा आकडा सत्तावीसनं वर गेला. आणि कागदावर तारीख येळवशीची. तुम्ही तिथं जेवायला गेला होतात?"

"हो मॅडम."

"काय झालं तिथं?"

सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथं सुटले असते. आधीचे अठ्ठेचाळीस कुणाचे होते, आताचे पंच्याहत्तर कुणाचे, दोन वाक्यांत सगळं उलगडलं असतं. पण मॅडम चांगल्या होत्या. त्या अप्पांशी बोलायला गेल्या असत्या, सुनेला समजावलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अक्का चुलीपाशी असत्या. मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

"बरं," मॅडम म्हणाल्या. हे "बरं" मला नव्या तऱ्हेचं ऐकू आलं. "मग मीच जाऊन विचारते."

दोन दिवसांनी दवाखान्याच्या जीपमधून आम्ही गेलो. जीप बघून अर्धी गल्ली ओसरीवर गोळा झाली. अप्पांनी डोक्याला फेटा बांधला, मॅडमना खुर्ची दिली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर सुपात कापूस होता. अप्पांच्या पूजेसाठी वाती वळत होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मला बस कुणी म्हणालं नाही, आणि कुणी म्हटलं असतं तरी बसवलं नसतं.

मॅडमनी सरळ अक्कांना विचारलं, "आज तुमची तब्येत शंभरात किती म्हणाल?"

अप्पा खाकरले. सून दारात येऊन उभी राहिली.

"अठ्ठेचाळीस," अक्का म्हणाल्या.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्या कानांत मळणी यंत्र सुरू झालं. म्हणजे आता मी खोटी ठरले, आणि तेही सगळ्यांच्या समोर, ज्या घरात जेवले त्याच घरात. अप्पा समाधानानं मान हलवत होते, "म्या म्हनलंच हुतं की." ओरडून सांगावं असं वाटलं: अक्का, येळवशीला काय म्हणालात? पण तोंडानं नको, असं ठरलं होतं. मी खाली बघितलं, आणि खाली बघितलं म्हणूनच मला ते दिसलं. अक्कांची बोटं थांबलेली नव्हती. चिमटीनं कापूस ओढायचा, तळहातावर घ्यायचा, बोटाच्या पेरानं अलगद पीळ द्यायचा. केसासारख्या बारीक, सारख्या वाती एकीशेजारी एक सुपात पडत होत्या. श्रावणात ज्या बोटांना पेला पेलत नव्हता, ती बोटं. तोंड अठ्ठेचाळीस सांगत होतं आणि हात काहीतरी वेगळंच सांगत होते. दोन्हीही त्यांचेच.

मॅडम कुठं बघत होत्या, मला दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी आपल्या हातानं कागदावर अठ्ठेचाळीस लिहिलं, अप्पांच्या चहाचं कौतुक केलं आणि उठल्या.

जीपमध्ये त्यांच्या मांडीवर दोन कागद होते. एक माझा, एक त्यांचा. तामलवाडी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. फाट्यावर मी उतरले, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुमचा कागद मी फाडत नाही."

मला वाईट म्हणाल्या का चांगलं? त्यांनी ती बोटं पाहिली होती का? की कागद पुराव्यासाठी ठेवला? पुढचा महिनाभर मी याच्यावर विचार केला. ज्वारीत हुरडा भरला, उतरला, कणसं पिकली. ह्यांना सांगून ठेवलं, सामान बांधायला लागेल असं दिसतंय. आईला फोनवर सांगितलं, बरी आहे.

शाळू ज्वारीची काढणी सुरू झाली होती, तेव्हा मॅडमनी नव्या कागदांचा गठ्ठा पाठवला. आणखी सहा महिने काम चालणार होतं. कोणाच्या भरवशावर, ते कुणी सांगितलं नाही. नळ आणि मोटार गेलेले होते. आणि पहिल्या प्रश्नाच्या वर एक नवी ओळ छापलेली होती. मी ती खोलीत बसून बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली. अक्षर लावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण डोळे भरून येत होते.

अप्पांच्या ओसरीवर मी ती त्यांना वाचून दाखवली, कागदावर होती तेवढीच: "प्रश्न विचारताना पेशंटच्या जवळ घरातील किंवा बाहेरील दुसरे कोणीही नसावे."

"म्हंजे?" अप्पांच्या भुवया वर गेल्या. "म्या माज्याच घरातनं भाईर?"

"मी काय करू अप्पा, कागदावरच आहे."

"कागदावर हाय!" अप्पांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला काही लपवलंय का ते उन्हात धरून पाहिलं. मग सुनेकडे, माझ्याकडे आणि शेवटी अक्कांकडे संशयानं बघत काठी उचलली. "ह्यात कायतरी हाय," असं पुटपुटत ते पायऱ्या उतरले. सूनही घागर घेऊन मागोमाग गेली.

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात न टेकता उठल्या. दाराशी गेल्या, दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. वरची कडी गंजलेली होती, मी पुढं झाले तर त्यांनी मला हातानंच मागं सारलं. कडी दोन बोटांत धरून त्यांनी कोयंड्यात बसवली, माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या,

"हं. आता मला इचार."